आपणहून लिहिणारी पाटी

वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यात, कारंज्याहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शेलूबाजार नावाचे गाव आहे. बाजार हा शब्द त्याच्या नावातच आहे. भोवतालच्या जमिनीत सोयाबीन, तूर आणि कापूस ही पिके होतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग २०२२ साली वाहतुकीस खुला झाला. तो महामार्गही या गावाजवळूनच जातो. अशा या गावाचे नाव कोणी संगणकावर लिहिले, तर संगणक ते कशा रीतीने ध्यानात ठेवतो, हे पाहण्यासारखे आहे.

कागदावर 'शेलूबाजार' हा शब्द पाच अक्षरांचा दिसतो. संगणकाला अक्षर म्हणून अक्षर ओळखता येत नाही. त्याचा सारा व्यवहार आकड्यांचा. म्हणून जगातील बहुतेक लिप्यांमधील प्रत्येक चिन्हास एकेक क्रमांक देऊन ठेवलेला आहे. 'श' या चिन्हाचा क्रमांक २३५८, त्यावरील मात्रेचा २३७५, 'ल'चा २३५४, त्याखालील दीर्घ उकाराचा २३७०. येणेप्रमाणे अखेरच्या 'र'पर्यंत गेले, की नऊ आकड्यांची एक माळ तयार होते. 'र'चा क्रमांक २३५२ आहे. संगणकाच्या दृष्टीने शेलूबाजार म्हणजे ही नऊ मण्यांची माळ होय. क्रमांक देण्याच्या या पद्धतीला युनिकोड असे नाव आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि देवनागरी लिपीला तिच्यात आरंभापासूनच स्थान मिळाले.

ही सोय होण्यापूर्वी, आणि नंतरही बरीच वर्षे, मराठी मजकुराची मोठी दैना होत असे. निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या ठशांसाठी आपापले क्रमांक ठरविले होते. तालुक्याच्या गावी एका छापखान्यात तयार केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या छापखान्यातील संगणकावर उघडली, की वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसे. युनिकोडचा वापर जसजसा वाढला, तसतसा हा त्रास कमी झाला. आता शेलूबाजारात लिहिलेले अक्षर अमेरिकेतही तेच अक्षर राहते.

ज्या साधनात केवळ ही आकड्यांची माळच साठविली जाते, अक्षराचा रंग, जाडी, चित्र, चौकट यांपैकी काहीच साठविले जात नाही, त्या साधनाला साधा मजकूर-संपादक असे म्हणतात. येथे संपादक म्हणजे वर्तमानपत्राच्या कचेरीत बसणारे गृहस्थ नव्हेत, हे सांगावयास नको. विंडोज या संगणकप्रणालीबरोबर येणारे नोटपॅड हे या जातीचे सर्वांत परिचित साधन. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हापासून ते तिच्या सोबतीला आहे. पांढरा कोरा पडदा आणि लुकलुकणारी एक उभी रेघ, एवढाच त्याचा संसार. पाटीवर पेन्सिलीने जे उमटवावे तेच उमटते. पाटी स्वतः होऊन काना देत नाही की मात्रा पुसत नाही. नोटपॅडही असेच होते. लिहिणाऱ्याने चूक केली तर ती चूक, आणि सुरेख वाक्य लिहिले तर ते सुरेख वाक्य, जसेच्या तसे उद्यापर्यंत सांभाळून ठेवणे, हे त्याचे काम. जवळजवळ चाळीस वर्षे त्याने ते मुकाट्याने केले. संगणकासाठी प्रोग्राम लिहिणारी मंडळी अशा साधनांवर विशेष प्रेम करतात, त्याचेही कारण हेच. प्रोग्राममधील एखादे विरामचिन्ह जरी कोणी न विचारता बदलले, तरी सारे काम बिघडते. तेथे आज्ञाधारक पाटीच हवी.

या पाटीच्या स्वभावात अलीकडे पालट झाला. २०२४ साली नोटपॅडला शुद्धलेखन तपासण्याची सोय जोडण्यात आली. चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ उमटू लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस निवडलेला मजकूर नव्याने लिहून देण्याची सोय प्रयोगादाखल काही लोकांना देण्यात आली. २०२५ साली तीत मजकुराचा सारांश काढण्याची आणि पुढे अगदी कोऱ्या पडद्यावर मजकूर लिहून देण्याचीही भर पडली. लिहिणाऱ्याने विषय सांगावा आणि पाटीने निबंध लिहावा, अशी ही तऱ्हा. इतर साध्या संपादकांनाही अशा सोयी कोणी ना कोणी जोडीत आहेतच.

हे कसे घडते, ते समजून घेण्यासाठी एक खेळ खेळून पाहावा. एका मुलाने 'नाचता येईना' एवढेच म्हणावे. ऐकणारा लगेच 'अंगण वाकडे' म्हणून मोकळा होईल. 'दुधाची तहान' म्हटले की 'ताकावर' हा शब्द जिभेवर येतोच. ऐकणाऱ्याने हे शब्द पूर्वी अनेकदा एकत्र ऐकलेले असतात, म्हणून पुढचा शब्द त्याला आपोआप सुचतो. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने असाच खेळ माणसांकडून खेळवून घेतला आणि छापील इंग्रजीतील पुढचे अक्षर माणूस कितपत अचूक ओळखतो, याचे गणित १९५१ साली मांडले. आजची लेखन करणारी यंत्रणा हाच खेळ अतिशय मोठ्या प्रमाणावर खेळते. कोट्यवधी पानांचा मजकूर तिच्यापुढून गेलेला असतो. कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येतात, याचा अदमास तिच्या ठायी आकड्यांच्या रूपाने साठलेला असतो. तिला वाक्याचा आरंभ द्यावा. ती संभवनीय असा पुढचा तुकडा जोडते, मग त्यापुढचा, मग त्यापुढचा. ज्या रचनेमुळे हे काम इतके साधले, ती २०१७ साली आठ संशोधकांनी एका निबंधात मांडली. त्यांच्यापैकी निकी परमार यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यास झाले होते.

परंतु एवढी थोरली यंत्रणा नोटपॅडसारख्या चिमुकल्या साधनात मावते कशी? बहुधा ती तेथे नसतेच. लिहिणाऱ्याने मजकूर निवडून 'पुन्हा लिही' असे बटण दाबले, की संपादक तो मजकूर उचलतो, त्याला 'हा मजकूर अधिक औपचारिक कर' अशासारखी सूचना जोडतो आणि इंटरनेटवरून दूरच्या एखाद्या प्रचंड संगणककेंद्राकडे पाठवितो. तेथून उत्तर येते. आलेले उत्तर जुन्या मजकुराच्या जागी बसते. संपादकाचे काम टपालवाल्याचे; शहाणपण असले तर ते दुसऱ्या टोकाला. म्हणूनच अशी सोय एखाद्या साध्या संपादकाला जोडणे जाणत्या प्रोग्रामकाराला फारसे अवघड जात नाही. काही नव्या संगणकांवर हे काम घरच्या घरी, त्याच यंत्रात करून घेण्याची व्यवस्था होऊ लागली आहे. पण जेथे ती नाही, तेथे लिहिलेले शब्द घराबाहेर जातात, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पाटीवर लिहिलेले घरातच राहत असे. घरातील आजारपण, देणे-घेणे, आधार क्रमांक असा मजकूर समोर असताना बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हे बरे. ही सोय नको असेल तर नोटपॅडमध्ये ती बंद करून ठेवता येते.

आता समजा, शेलूबाजार येथील सातव्या इयत्तेतील एक मुलगी आपल्या आजोबांसाठी अर्ज लिहीत आहे. आजोबांनी सोयाबीन कापले होते, आणि मळणीपूर्वी पावसाने गाठले. वऱ्हाडात सोयाबीन कापण्याला सोंगणे म्हणतात आणि सोंगलेल्या पिकाचा ढीग रचतात, त्याला सुडी. आजोबा सांगतात, "सोयाबीन सोंगून सुडी लावून ठेवली होती. दोन दिवस पानी आलं. खालच्या शेंगाइले कोंब फुटले."

"आबाजी, सारीच सुडी गेली का?"

"सारी नाही. ताडपत्रीखालची अर्धी वाचली."

मुलगी शाळेत शिकलेल्या भाषेत ते लिहून काढते: सोंगून ठेवलेल्या सोयाबीनची अर्धी सुडी पावसाने भिजली व शेंगांना कोंब फुटले. वाक्य लहान आहे, पण त्यात जे घडले ते सारे आहे. तिला मात्र ते अर्जाला शोभेसे वाटत नाही. शिवाय 'सुडी' या शब्दाखाली लाल रेघ उमटलेली असते. तेव्हा ती बटण दाबते. पडद्यावर असा मजकूर येणे अगदी शक्य आहे: अतिवृष्टीसारख्या नैसर्गिक आपत्तीमुळे माझ्या शेतातील सोयाबीनचे उभे पीक संपूर्णतः उद्ध्वस्त झाले असून माझे अपरिमित नुकसान झाले आहे.

वाक्य भारदस्त झाले, यात संशय नाही. एकही अक्षर अशुद्ध नाही. पण आजोबांचे पीक उभे नव्हते, ते सोंगलेले होते. ते संपूर्ण गेले नव्हते, अर्धे वाचले होते. आणि पाऊस अतिवृष्टीच्या मोजमापात बसण्याइतका झाला होता की नाही, हे त्या घरातील कोणालाच ठाऊक नव्हते. पंचनामा करण्यासाठी येणारा मनुष्य शेतात पाहणार आहे ती ताडपत्री आणि तिच्याखालची कोरडी सुडी. अर्जात लिहिलेले एक आणि जमिनीवर दिसणारे दुसरे असे झाले, तर खरे बोलणाऱ्या म्हाताऱ्यावर खोटेपणाचा आळ यावयाचा.

यंत्रणेने हे लबाडीने केले, असे म्हणता येणार नाही. पिकांच्या नुकसानीविषयीच्या मजकुरात 'नैसर्गिक आपत्ती', 'उभे पीक', 'अपरिमित नुकसान' हे शब्द जोडीने वावरत असतात. 'नाचता येईना'च्या मागोमाग जसे 'अंगण वाकडे' यावे, तसेच ते तेथे आले. 'सुडी' या शब्दाचा अनुभव मात्र तिला फारसा नसावा. या यंत्रणांना वाचावयास मिळालेल्या इंग्रजी मजकुराच्या मानाने मराठी मजकूर फारच थोडा. आणि त्या थोड्यातही वऱ्हाडातील वावराचे, पऱ्हाटीचे आणि सुडीचे बोल त्याहून थोडे. जे शब्द छापले गेले नाहीत, ते यंत्राला शिकवावे कोणी? गावाच्या नावाचीही हीच कथा होऊ शकते. परभणी जिल्ह्यात सेलू आहे, वर्धा जिल्ह्यातही सेलू आहे. अधिक परिचित नावाच्या ओढीने शेलूचे सेलू होण्यास वेळ लागत नाही, आणि मग अर्ज भलत्याच जिल्ह्यातील ठरतो.

तथापि या सोयीचा लाभ काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच मुलीने 'परंतू' असा चुकीचा दीर्घ उकार दिला असता, तो यंत्राने अचूक दाखविला असता. अर्जात तारीख राहिली, गट क्रमांक राहिला, हे तिच्या ध्यानात आणून दिले असते. ज्याचे हात लिहिताना थरथरतात, ज्याची दृष्टी अधू आहे, ज्याला लिहिण्याचा सराव नाही, त्याच्यासाठी ही मदत लहान नाही. हस्तदोष काढणे आणि हकीकत बदलणे या दोन कामांमध्ये माणसाला फरक दिसतो. एका बटणामागे दोन्ही कामे दडलेली असली, म्हणजे तो झाकला जातो. संपादक तयार करणाऱ्यांनी निदान या दोहोंसाठी वेगवेगळी बटणे ठेवावीत, ही अपेक्षा काही वावगी नाही.

दुसऱ्याच्या वतीने लिहिण्याचा धंदा आपल्याकडे जुनाच आहे. तहसील कचेरीबाहेर झाडाच्या सावलीत टंकयंत्र घेऊन बसणारे अर्जनवीस अनेकांनी पाहिले असतील. तेही पक्षकाराच्या बोलण्याला भारदस्त रूप देत; 'मेहेरबान' आणि 'विनंती अर्ज' हे शब्द त्यांच्या बोटांवर बसलेले असत. पण चांगला अर्जनवीस तयार झालेला कागद पक्षकाराला वाचून दाखवी आणि मगच त्याची सही किंवा अंगठा घेई. जबाब नोंदवितानाही अखेरीस एक ओळ लिहिण्याची रीत आहे, ती अशी की, मजकूर सांगणाराला वाचून दाखविला आणि तो त्याच्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ही ओळ कित्येकदा नुसती रीत म्हणून उरते, हे खरे. तरी कोणाचे शब्द आणि कोणाचा हात, याची आठवण तिने जिवंत ठेवली आहे.

साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नेमकी हीच आठवण राहत नाही. २३५८ हा आकडा मुलीच्या बोटाने उमटला काय आणि यंत्रणेने पाठविला काय, फाइलमध्ये तो २३५८ असाच राहतो. शाईचा रंग नाही, हस्ताक्षराचे वळण नाही, खाडाखोड नाही. साधेपणा हा ज्या साधनाचा सर्वांत मोठा गुण होता, तोच येथे अडचणीचा होऊन बसतो. पूर्वी त्यामुळे काही बिघडत नसे. पाटीवर लिहिणारा एकटाच होता.

कोणते शब्द कोणाचे, ही चिंता वऱ्हाडातील माणसांनी फार पूर्वी वाहिलेली आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी एकत्र करून 'लीळाचरित्र' हा ग्रंथ सिद्ध केला. मराठीतील आद्य गद्य ग्रंथ म्हणून तो ओळखला जातो, आणि त्याचा काळ सुमारे १२७८ असा मानतात. ज्यांनी प्रसंग प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांच्याकडे म्हाइंभट स्वतः गेले; त्यांनी सांगितले ते टिपले आणि नागदेवाचार्यांकडून ते पारखून घेतले. पुढे मूळ पोथी नाहीशी झाली. अनुयायांना तो ग्रंथ आठवणीतून पुन्हा लिहावा लागला. एकाची आठवण दुसऱ्याहून निराळी निघे. अशा वेळी निराळे पाठ टाकून न देता तेही नोंदून ठेवण्याची काळजी त्या लेखकांनी घेतली. सगळे पाठ घोटून एकच गुळगुळीत वाक्य करणे त्यांना सोपे गेले असते.

संगणकाच्या जगातही असे एक साधन आहे. १९७४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'डिफ' नावाचा एक छोटा प्रोग्राम तयार झाला. त्याला दोन फाइली दिल्या, की कोणत्या ओळी बदलल्या, कोणत्या गाळल्या, कोणत्या नव्याने आल्या, ते तो दाखवितो. चांगले काय आणि वाईट काय, यावर तो काहीच मत देत नाही. फरक तेवढा पुढे ठेवतो. त्याची वंशावळ आज प्रोग्रामकारांच्या रोजच्या वापरात आहे. साध्या मजकुरावर तो विशेष चांगला चालतो, कारण तुलना करावयाची ती आकड्यांच्या दोन माळांची. लेखन करणारी यंत्रणा संपादकाला जोडणारे काही जाणते लोक याच युक्तीचा उपयोग करतात. आलेला मजकूर ते परस्पर जागेवर बसवीत नाहीत. जुना आणि नवा शेजारी शेजारी दाखवितात, आणि प्रत्येक बदल ठेवावयाचा की नाही, हे लिहिणाराला विचारतात.

शेलूबाजारच्या त्या मुलीला यासाठी डिफ शिकण्याचीही गरज नाही. बटण दाबण्यापूर्वी तिने आपला मजकूर 'अर्ज १' या नावाने ठेवावा आणि आलेला 'अर्ज २' या नावाने. मग दोन्ही आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावेत. दुसऱ्या अर्जातील 'उभे पीक' हे शब्द कानी पडताच आजोबा हात वर करून तिला थांबवतील. 'संपूर्णतः' हा शब्द कदाचित त्यांना कळणार नाही. त्याचा अर्थ सांगताना, ताडपत्रीखालची अर्धी सुडी मुलीलाच आठवेल. तारखेची आणि गट क्रमांकाची ओळ दुसऱ्या अर्जातून पहिल्यात उतरवून घ्यावी लागेल. 'सुडी' या शब्दाखालची लाल रेघ तशीच राहील. तिच्यावर बोट ठेवून बटण दाबले, की शब्द आपल्या कोशात घेण्याविषयी संपादक विचारतो. तेथे 'होय' म्हणता येते.